दवाखान्याबाहेरचे तास

वर्षात ८,७६० तास असतात. मधुमेहाचा किंवा उच्च रक्तदाबाचा रुग्ण अगदी नेमाने दर महिन्याला डॉक्टरांकडे गेला आणि प्रत्येक खेपेस त्याला पंधरा मिनिटे मिळाली, तरी त्यांपैकी जेमतेम तीन तास तो वैद्यकीय नजरेखाली असतो; उरलेल्या काळात गोळी घ्यायची की उद्यावर ढकलायची, पंगतीत जिलेबी वाढली जात असताना पानावर हात आडवा धरायचा की नाही, पायाला आलेला फोड दाखवायचा की हळद लावून सोडून द्यायचा, हे सगळे तो स्वतः किंवा त्याच्या घरची माणसे ठरवत असतात. दीर्घकालीन आजारात उपचाराचे बहुतेक काम रुग्णच करतो, ही बाब इतकी उघड आहे की तिच्याकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष फार उशिरा गेले. व्यक्तिकेंद्रित उपचार या नावाने ओळखली जाणारी विचारधारा या साध्या हिशेबातून उभी राहिली आहे. आजाराच्या नावावरून ठरलेला उपचार रुग्णाच्या दिनक्रमात, ऐपतीत आणि त्याच्या दृष्टीने मोलाच्या गोष्टींत बसतो का, हे आधी पाहावे आणि तो बसवण्याचे काम रुग्णाला बरोबर घेऊन करावे, असे तिचे म्हणणे आहे.

आजची रुग्णालये ज्या दुखण्यांसाठी घडली ती वेगळ्या जातीची होती. न्यूमोनिया, अपेंडिक्स, मोडलेले हाड यांत कारण शोधायचे, ते दूर करायचे आणि रुग्णाला बरे करून घरी पाठवायचे, एवढा सरळ क्रम असतो, आणि त्या मोजक्या दिवसांत रुग्णाने मुकाट्याने सांगितलेले ऐकले तरी काम भागते. मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, हृदयविकार, संधिवात यांना असा शेवट नाही. हे आजार बरे होत नाहीत, आवाक्यात ठेवावे लागतात, आणि तेही आयुष्यभर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला आहे. एवढ्या लोकांचे पुढचे सगळे आयुष्य ओपीडीच्या रांगेत उभे राहून सांभाळता येणार नाही, हे समजण्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

या विचाराचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मायकेल बालिंट या हंगेरीत जन्मलेल्या मनोविश्लेषकाने १९५० च्या दशकात लंडनमध्ये सामान्य डॉक्टरांचे अभ्यासगट चालवले आणि रुग्णाशी असलेले डॉक्टरचे नाते हाही औषधासारखाच परिणाम करणारा घटक आहे, असे मांडले. १९७७ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज एंगेल यांनी शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी आजाराकडे पाहणारी चौकट सुचवली. पुढे २००१ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने चांगल्या आरोग्यसेवेची सहा उद्दिष्टे सांगताना सुरक्षितता आणि परिणामकारकता यांच्या पंक्तीला रुग्णकेंद्रितता बसवली. तेव्हापासून ही कल्पना धोरणांच्या कागदांवर सर्वत्र दिसू लागली आणि कागदांवरच राहण्याचा धोकाही तेव्हापासूनच सुरू झाला.

या सगळ्यांत रोजच्या कामाला सर्वांत उपयोगी ठरावी अशी मांडणी आर्थर क्लाइनमन यांची आहे. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ असलेल्या क्लाइनमन यांनी शरीरातला बिघाड आणि त्या बिघाडासह जगण्याचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या. पहिली डॉक्टरला दिसते, दुसरी फक्त रुग्णालाच माहीत असते, आणि ती कळण्यासाठी विचारावे लागते. हा आजार कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते, तो नेमका तेव्हाच का सुरू झाला, त्यातली कोणती गोष्ट सर्वांत भीतीची वाटते, अशा धर्तीचे प्रश्न त्यांनी सुचवले. मराठी मुलखात हे प्रश्न विचारले तर येणारी उत्तरे कोणत्याही अनुभवी डॉक्टरला अनोळखी नसतात. ‘टेन्शनमुळे शुगर झाली’, ‘बीपीच्या गोळीची सवय लागते, म्हणून बरे वाटले की बंद करतो’, ‘इन्सुलिन म्हणजे शेवटचा उपाय, आमच्या शेजारच्यांना सुरू केले आणि वर्षभरात पाय कापला’ ही त्यांतली नेहमीची. शेवटच्या समजुतीत घटनांचा क्रम खरा असतो, पण कार्यकारणभाव उलटा लावलेला असतो. इन्सुलिनमुळे पाय जात नाही, साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिल्याने जातो, आणि इन्सुलिन उशिरा सुरू होते म्हणून ते पाय जाण्याच्या सुमारास दिसते. ही समजूत रुग्णाच्या मनात आहे हे डॉक्टरला कळलेच नाही, तर चिठ्ठीवर लिहिलेले इन्सुलिन विकत घेतले जाईल, कदाचित फ्रिजमध्येही ठेवले जाईल, पण टोचले जाणार नाही.

विचारण्याची ही क्रिया डॉक्टरच्या स्वभावावर न सोडता कामकाजाचा नियमित भाग कशी करता येईल, याचा पद्धतशीर प्रयत्न स्वीडनमध्ये झाला. गोथेनबर्ग विद्यापीठात २०१० मध्ये व्यक्तिकेंद्रित उपचारांचे संशोधनकेंद्र सुरू झाले आणि मूळच्या परिचारिका असलेल्या प्राध्यापक इंगेर एकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाचे तीन भाग ठरवून दिले. पहिल्या भागात रुग्णाने आपली हकीकत आपल्या शब्दांत सांगायची, दुसऱ्यात त्या हकिकतीच्या आधारे रुग्ण आणि उपचार करणारे यांनी मिळून उद्दिष्टे ठरवायची, आणि तिसऱ्यात जे ठरले ते केस पेपरवर लिहून ठेवायचे. तिसरा भाग वरवर कारकुनी वाटतो, पण सगळी मेख तिथे आहे. पाळी बदलली, डॉक्टर बदलला, तरी ‘या बाईंना दोन जिने चढून लेकीच्या घरी जाता आले पाहिजे’ ही नोंद रक्तदाबाच्या आकड्याशेजारी राहिली, तर उपचार कोणत्या दिशेने चालले आहेत याची जाण पुढच्या माणसालाही राहते. या गटाने हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी होऊन दम लागणे आणि पायांवर सूज येणे, असे त्याचे स्वरूप असते. सर्व रुग्ण एकत्र धरले तेव्हा रुग्णालयातील मुक्कामातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतका नव्हता, पण ज्यांच्या बाबतीत तिन्ही भाग खरोखर पाळले गेले त्यांचा मुक्काम सुमारे अडीच दिवसांनी कमी झाला. पद्धत स्वीकारल्याचे जाहीर करणे आणि ती पाळणे यांतले अंतर स्वीडनसारख्या शिस्तीच्या देशातही राहते, हेही या अभ्यासातून आपोआप दिसून आले.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रिसेप्शनवरचे हसतमुख स्वागत, वातानुकूलित प्रतीक्षागृह आणि निघताना मोबाइलवर येणारी अभिप्रायाची विनंती यांना खासगी रुग्णालयांच्या जाहिराती रुग्णकेंद्रित सेवा म्हणतात. ती ग्राहकसेवा आहे आणि तिच्या जागी ती चांगलीच आहे, पण तिचा या विषयाशी फारसा संबंध नाही. तसेच, रुग्ण मागेल ते देणे हाही याचा अर्थ नव्हे. ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून टाका’ ही मागणी गावोगावच्या दवाखान्यांत रोज होते आणि बहुतेक वेळा ती निरर्थक असते. व्यक्तिकेंद्रित पद्धतीने काम करणारा डॉक्टर तिला नकार देतो, पण अशक्तपणा कधीपासून आहे, मधुमेहाची गोळी घेतल्यावर जेवण वेळेवर होते का, हे विचारल्यानंतर देतो.

रुग्ण सांगितल्याप्रमाणे का वागत नाहीत, या जुन्या कोड्याकडेही या दृष्टीने पाहिले की चित्र बदलते. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये नोंदवले की विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांपैकी सुमारे निम्मेच औषधे ठरल्याप्रमाणे घेतात. निम्मे लोक बेशिस्त असतात असे मानण्यापेक्षा त्यांना सांगितलेले काम फार झाले असावे, असे मानणे अधिक समंजसपणाचे आहे. व्हिक्टर मॉन्टोरी, कार्ल मे आणि फ्रान्सेस मेअर यांनी २००९ मध्ये याला उपचारांचा भार म्हटले. आजाराचा त्रास एकीकडे आणि त्या आजाराच्या उपचारांनी रुग्णावर टाकलेले काम दुसरीकडे, आणि या दुसऱ्या ओझ्याचा हिशेब कोणीच ठेवत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

हा भार प्रत्यक्षात कसा असतो, हे पाहण्यासाठी साठी ओलांडलेली, तालुक्याच्या गावापासून लांब राहणारी, मधुमेह, उच्च रक्तदाब, थायरॉइड आणि गुडघेदुखी ही चार दुखणी असलेली एखादी स्त्री डोळ्यांसमोर आणावी. थायरॉइडची गोळी सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे अर्धा-पाऊण तास चहासुद्धा घ्यायचा नाही. मधुमेहाची एक गोळी न्याहारीच्या आधी, दुसरी जेवणाबरोबर. रक्तदाबाची सकाळी, कोलेस्टेरॉलची रात्री. कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. गुडघ्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी रक्तदाब वाढवते आणि मूत्रपिंडावर ताण आणते, पण ती कोणत्याच चिठ्ठीवर नसल्याने डॉक्टरांना तिचा पत्ताच नसतो. साखर तपासायची तर एकदा उपाशीपोटी आणि एकदा जेवणानंतर दोन तासांनी रक्त द्यावे लागते; म्हणून पहिली एसटी पकडून तशीच उपाशी निघायचे, डबा पिशवीत घ्यायचा, तो लॅबच्या बाकावर बसून खायचा, दोन तास थांबायचे, आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंत ओपीडी बंद झालेली असली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खेप. दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि बरोबर आलेल्या माणसाचीही. त्यात घरातल्या रीतीप्रमाणे सर्वांची पाने उठल्यावर ती जेवत असेल, तर न्याहारीआधीची गोळी पोटात जाऊन दीड तास झाला तरी अन्नाचा कण गेलेला नसतो, साखर एकदम उतरते, हातपाय कापू लागतात, दरदरून घाम फुटतो. ही गोळी आपल्याला मानवत नाही, असा निष्कर्ष ती काढते आणि गोळी बंद करते. तिच्या अनुभवाच्या हिशेबाने तिचा निष्कर्ष चुकीचा नाही. दवाखान्यात मात्र पुढच्या खेपेला साखर वाढलेली दिसते, ‘पेशंट ऐकत नाहीत’ असा शेरा मारला जातो आणि आणखी एक गोळी वाढते.

उद्दिष्टांचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तिथे खुद्द वैद्यकशास्त्रालाच आपले मत बदलावे लागले. लाल रक्तपेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी नावाची तपासणी आता मराठी घरांतही ठाऊक झाली आहे, आणि हा आकडा जितका खाली तितके चांगले, अशी समजूत तिच्याबरोबर आली. अमेरिका व कॅनडातील १०,२५१ मधुमेहींवर झालेल्या ‘अ‍ॅकॉर्ड’ या मोठ्या चाचणीत एका गटाची साखर औषधे वाढवून सहाच्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला आणि दुसऱ्या गटाला सात ते ७.९ यांच्या दरम्यान ठेवले गेले. कडक नियंत्रणाच्या गटात २५७ मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात २०३. हा फरक दिसताच २००८ मध्ये त्या गटातले कडक उपचार थांबवावे लागले. पुढे २०१२ मध्ये अमेरिका व युरोपातील मधुमेहतज्ज्ञांच्या संघटनांनी संयुक्त निवेदन काढून साखरेचे उद्दिष्ट रुग्णागणिक ठरवावे असे सांगितले. चाळिशीतल्या, नुकताच मधुमेह झालेल्या माणसासाठी सातच्या खालचा आकडा योग्य असू शकतो. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या, रात्री उठताना साखर उतरून पडण्याची भीती असलेल्या आजोबांसाठी आठच्या आसपासचा आकडाही चांगला. थोडक्यात, रुग्ण कोण आहे आणि कसा राहतो हा प्रश्न आपुलकीच्या प्रांतातून औषधाच्या मात्रेच्या प्रांतात आला.

महाराष्ट्रात हे सूत्र लागू करायचे तर इथल्या माणसांच्या वर्षाची घडण पाहावी लागते. इंग्रजीत छापलेल्या, ओट्स आणि ऑलिव्ह तेल सुचवणाऱ्या आहारतक्त्याचा ज्वारीची भाकरी आणि पिठले खाणाऱ्या घरात काही उपयोग नसतो, किंबहुना भाकरी सोडून महागडी बिस्किटे आणण्याचे निमित्त तेवढे होते. एकादशीला उपवास करू नका असे सांगितल्याने उपवास सुटत नाही, फक्त तो डॉक्टरांपासून लपवला जातो. त्यापेक्षा साबुदाण्याच्या खिचडीने साखर झपाट्याने वर जाते, तिच्याऐवजी वरईचा भात थोडा आणि दही, शेंगदाण्याची आमटी जास्त घ्यावी, आणि साखर उतरवणाऱ्या गोळीचे त्या दिवशी काय करायचे हे आधी ठरवून घ्यावे, असा सल्ला पाळला जाण्याची शक्यता अधिक. आषाढी वारीचा विचारही तसाच करावा लागतो. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, चाल जवळजवळ तीन आठवड्यांची; मधुमेहाने तळपायाची संवेदना कमी झालेल्या वारकऱ्याला चप्पल चावल्याचे कळत नाही आणि रोजच्या मोठ्या चालीने साखर नेहमीपेक्षा खाली येते, त्यामुळे मात्रा तीच ठेवली तर वाटेत चक्कर येऊ शकते. त्याला जाऊ नका म्हणणे सोपे आहे. निघण्याआधी पाय तपासणे, मात्रा तात्पुरती कमी करून कागदावर मराठीत लिहून देणे, रोज मुक्कामाला पोचल्यावर तळपाय दुसऱ्या कोणाकडून पाहून घ्यायला सांगणे आणि खिशात साखरेची पुडी ठेवायला लावणे याला दहा मिनिटे लागतात.

दहा मिनिटे कोठून आणायची, हा यावरचा नेहमीचा आणि रास्त आक्षेप आहे. विविध देशांतल्या प्राथमिक उपचारांच्या भेटींचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की स्वीडनमध्ये एका भेटीला सरासरी साडेबावीस मिनिटे मिळतात आणि भारतात सुमारे दोन. या पद्धतीचे फायदेही कोणी फुगवून सांगू नयेत. रुग्णासह आखलेल्या उपचार-योजनांवरील १९ चाचण्या आणि १०,८५६ रुग्ण यांचा कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये घेतलेला आढावा साखर, रक्तदाब, नैराश्य आणि स्वतःची काळजी घेण्याचा आत्मविश्वास यांत सुधारणा दाखवतो, पण ती लहानशी आहे. तरीही वेळेचा आक्षेप सगळे काम डॉक्टरनेच करायचे या गृहीतकावर उभा आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये ज्या पाच राज्यांत सुरू झाला त्यांत महाराष्ट्र होता, आणि त्याची रचना साधी होती. ठरावीक स्वस्त औषधांची एकच पायरीवार पद्धत, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या, घराजवळच्या उपकेंद्रात परिचारिकेकडून रक्तदाबाची तपासणी, आणि न आलेल्या रुग्णाची चौकशी. त्याला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. यात हकीकत ऐकण्याचा भाग नव्हता, पण रुग्णाची खेप आणि मजुरी वाचवणे हाच अनेकांच्या दृष्टीने उपचारांतला सर्वांत व्यक्तिकेंद्रित भाग असतो, हे शहरी लेखनात सहसा निसटते. केरळात कोझिकोडेहून १९९३ मध्ये सुरू झालेल्या उपशामक सेवेने आणखी पुढची पायरी गाठली. बरे न होणाऱ्या आजारातला त्रास कमी करणारी ही सेवा तिथे शेजारपाजारच्या प्रशिक्षित स्वयंसेवकांनी उचलली, आणि घरी जाऊन दुखण्याबरोबरच शिधा आहे का, मुलांची शाळा सुटली का, हेही पाहिले जाऊ लागले. २००८ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण केले.

भारतात आणखी एक गुंतागुंत आहे, जिचा पाश्चात्त्य मांडणीत पुरेसा विचार नाही. इथे दवाखान्यात व्यक्ती एकटी येत नाही. डॉक्टर बोलतात ते मुलाशी, फाईल असते सुनेच्या हातात, आणि ज्यांचा आजार आहे त्या आजी खुर्चीवर बसून दोघांच्या तोंडाकडे पाहत असतात. कुटुंबाला बाजूला सारणे शक्य नाही आणि इष्टही नाही, कारण औषधाचा खर्च, पथ्याचा स्वयंपाक आणि डायलिसिसच्या आठवड्यातल्या दोन-तीन फेऱ्या तेच निभावते. पण रक्तदाब मोजण्याच्या निमित्ताने परिचारिकेने आजींना पाच मिनिटे एकटे गाठले, तर मुलापुढे न सांगितलेली गोष्ट बाहेर येते, आणि ती पुष्कळदा खर्चाची असते. पैसे वाचावेत म्हणून गोळी एक दिवसाआड घेतली जात असल्याचे अशाच वेळी कळते.

घराजवळ औषध ही सोयही सर्वांना सारखी पोचत नाही. बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातले ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन गाव सोडतात आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडाजवळच्या कोपीत उन्हाळा लागेपर्यंत राहतात. नोंद गावच्या उपकेंद्रात आणि मुक्काम दोन जिल्हे ओलांडून, अशा माणसाला तीस दिवसांच्या गोळ्या डिसेंबरापर्यंतही पुरत नाहीत. तोड पहाटे अंधारात सुरू होत असल्याने दिवसा जवळच्या आरोग्य केंद्रात जायचे तर त्या दिवसाचा खाडा मुकादमाच्या हिशेबात लागतो. गावच्या नोंदवहीत तो तपासणीला न आलेला रुग्ण ठरतो. निघण्यापूर्वी त्याला हंगामभराच्या गोळ्या देता येतील का, त्याचे कार्ड कारखान्याच्या परिसरातल्या केंद्रात चालेल का, संध्याकाळी कोपीवर येऊन रक्तदाब पाहण्याचे काम कोणाचे, हे प्रश्न वैद्यकीय ज्ञानाचे नाहीत, आणि त्यांची उत्तरे ऑक्टोबरात, टोळ्या ट्रकमध्ये बसण्याआधी ठरावी लागतात.